भांड्यावरचे नाव

एकूण ओळी १,९४,२०६. त्यांपैकी २२,३१८ ओळींच्या शेवटी रिकाम्या जागा राहून गेल्या होत्या. ७,६४० ओळींच्या सुरुवातीला टॅब आणि स्पेस यांची खिचडी होती. दीड हजार ओळींच्या शेवटी ओळ संपल्याची खूणच निराळी होती, कारण त्या कधी काळी निराळ्या जातीच्या संगणकावर लिहिल्या गेल्या होत्या. आणि तेरा फायली अशा की त्यांची शेवटची ओळ नीट संपलेलीच नव्हती. बेरीज ३१,४७१. समिधा पोतनीसने ती दोनदा केली, कारण पहिल्या वेळी ती बरोबर आली होती आणि पहिल्या वेळी बरोबर आलेल्या बेरजेवर तिचा विश्वास नसे.

समिधा चोवीस वर्षांची होती. भूभौतिकी घेऊन एम.एस्सी. झाल्यावर महाडच्या दरड-सूचना केंद्रात ती कंत्राटावर लागली, त्याला आठ महिने झाले होते. सह्याद्रीच्या उतारांवर केंद्राने तीनशे चाळीस विंधणविहिरी घेतल्या होत्या. प्रत्येकीच्या तळाशी एक दाबमापक. डोंगराच्या पोटात पाण्याचा दाब किती आहे, ते हा मापक दर मिनिटाला कळवायचा. दाब वाढला की मातीचे कण एकमेकांना धरून ठेवीनासे होतात आणि उतार सुटतो. तसा रंग दिसला की केंद्राचा प्रोग्राम वाडीतल्या भोंग्याच्या खांबाला सांगे आणि खांब वाडीला सांगे. त्या प्रोग्रामच्या या एक लाख चौऱ्याण्णव हजार ओळी.

रिकाम्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि प्रोग्रामला त्यांचे सोयरसुतक नसते. त्रास होतो तो माणसांना. कोणी काही बदलले की जुनी आणि नवी आवृत्ती शेजारीशेजारी ठेवून तपासतात, बदललेली ओळ लाल दिसते. एका संगणकाने शेवटची रिकामी जागा आपोआप पुसली, दुसऱ्याने ती परत घातली, की न बदललेल्या ओळीही लाल होतात. गेल्या पावसाळ्यात एका बदलात चारशे ओळी लाल होत्या. खरा बदल एकाच आकड्याचा होता, आणि तो चुकीचा होता. तपासणाऱ्या दोघांच्याही नजरेतून तो सुटला. सुदैवाने त्या उतारावर तेव्हा पाऊस नव्हता.

"मी झाडू मारू का सगळीकडे?" समिधाने डॉ. विभावरी शेट्येंना विचारले. शेट्येमॅडम केंद्राच्या संचालक.

"मार. कोणालाच नको असलेलं काम आहे ते," मॅडम म्हणाल्या. "फक्त प्रोग्राम एका बिटानेसुद्धा बदलता कामा नये."

तो बदलला नाही. समिधाने तीन आठवडे घेतले. अवतरणचिन्हांच्या आतल्या चौदा रिकाम्या जागा तिने तशाच ठेवल्या, कारण खांबावरून बोलल्या जाणाऱ्या वाक्यात तिथे श्वास घ्यायचा होता. सफाईच्या आधीचा आणि नंतरचा प्रोग्राम तयार करून दोन्ही पडताळले. बिट न् बिट जुळला.

काम करताना तिला एक गंमत आढळली. ९,१०६ ओळींच्या शेवटी नेमक्या दोनच रिकाम्या जागा होत्या आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या होत्या: श्रीनिवास आंबर्डेकर. केंद्र उभे राहिले तेव्हापासूनचे अभियंते, निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली. समिधाने त्यांना कधी पाहिले नव्हते. पण नऊ हजार वेळा त्यांच्या मागून पुसत गेल्यावर माणूस अगदीच अनोळखी राहत नाही.

*

मंगळवारी सकाळी तिने सफाई प्रोग्रामच्या मुख्य प्रतीत चढवली. दुपारी अझीम परकार तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तोही कंत्राटावर, तिच्याहून दीड वर्षाने जुना. दोघांचा डबा एकत्र असे.

"पोतनीसबाई, पेढे कधी?"

"कसले?"

"अगं, सगळा सातबारा तुझ्या नावावर चढलाय. बघ तरी."

त्याने भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केले. तिथे प्रत्येकाच्या नावासमोर त्याच्या ओळींची संख्या दिसे. सोमवारी समिधाच्या नावापुढे अकरा होते. आता ३१,४८२ होते. अझीमच्या नावापुढे ६,२४०.

हे कसे झाले ते तिला क्षणात कळले आणि आधी कसे सुचले नाही याचे नवल वाटले. आवृत्त्यांची नोंद ठेवणारी प्रणाली साधी असते. ओळ शेवटची कोणी बदलली, एवढेच ती पाहते. काय बदलले ते पाहत नाही. ओळीच्या टोकाची न दिसणारी जागा पुसणारा आणि ती ओळ मुळात लिहिणारा, तिच्या लेखी सारखेच.

"मी ही संख्या वाढवायला केलं नाही, अझीम."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "समितीला माहीत आहे का, ते बघू."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पण दुसऱ्या दिवशी त्याने डबा आपल्या टेबलावरच उघडला. केंद्रात एक जागा कायम व्हायची होती आणि उमेदवार दोघेच होते. येत्या आठवड्याच्या शुक्रवारी समिती बसणार होती, आणि समिती मुख्यतः हा पडदा पाहून ठरवत असे. कारण पडद्यावरची संख्या नुसती बढाईची नव्हती. तिच्यामागे पृच्छक होता.

*

नियम कागदावर उतरतो, त्याचे कारण उतरत नाही. इशारा देणाऱ्या प्रोग्राममध्ये हजारो नियम असतात: इतका दाब, इतका पाऊस, अमुक उतार, मग थांबा किंवा वाजवा. दोन नियम एकमेकांना आडवे गेले की कोणाचे ऐकायचे? पृच्छक हे यंत्र त्यासाठी बनले होते. ते बनवणाऱ्यांना आढळले होते की नियम लिहिणाऱ्या माणसाला ऐन वेळी विचारले, तर त्याच्या बोलण्यावरूनच बरेच कळते. तो ठिकाण सांगतो का, ऋतू सांगतो का, एखादा प्रसंग आठवून बोलतो का, की नुसतेच 'असेच असते' म्हणतो. उत्तर जितके भरीव, तितका तो नियम त्या वेळेला लागू असण्याची शक्यता जास्त. पृच्छक हे वजन आकड्यात काढी. उत्तर मिळाले नाही, तर थांबायला सांगणाऱ्या नियमाचे वजन शून्य धरून इशारा देई. सावधपणाच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

आणि कोणाला विचारायचे, हे पृच्छक आवृत्त्यांच्या नोंदीतून घेई. ओळ ज्याच्या नावावर, फोन त्याला.

बुधवारी सकाळी समिधाचा फोन वाजला.

"नमस्कार. समिधा पोतनीस?" आवाज मऊ, घाई नसलेला. "पृच्छक बोलतोय. जांभूळकोंड, विहीर सात. पाऊस नाही, तरी दाब वेगाने वाढतो आहे. ओळ ४१२ सांगते की चैत्र-वैशाखात अशा वेळी पंचेचाळीस मिनिटे थांबावे. ही ओळ तुमच्या नावावर आहे. का थांबावे?"

समिधाने ओळ उघडली. ओळ स्वच्छ होती. तिच्या शेवटी आता काही नव्हते.

"ही ओळ मी लिहिलेली नाही."

"ती शेवटची तुम्ही बदलली आहे. का थांबावे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असे काहीतरी सांगता आले असते. वैशाखात जमीन कोरडी असते, मापक चुकत असेल. पण तिला ते ठाऊक नव्हते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"धन्यवाद," पृच्छक म्हणाला.

जांभूळकोंडच्या खांबाचा भोंगा दहा वाजून बावीस मिनिटांनी वाजला. दोनशे बारा माणसे, त्यांत दोन बाळंतिणी, वैशाखाच्या उन्हात दोन किलोमीटर चालून शाळेत गेली. ती पोचेपर्यंत दाब आपोआप उतरला होता. डोंगर जागचा हलला नव्हता.

दुपारी वाडीच्या पोलीस पाटील सुरेखाबाई साळेकर यांचा फोन आला. तो अझीमने घेतला आणि कानापासून जरा लांब धरला, म्हणून समिधालाही ऐकू आला.

"आम्ही टाकं उपसत होतो दादा, वर्षाचं. सगळं अर्धवट टाकून पळालो. आता पुढच्या रविवारी परत घेणार आहोत. त्या दिवशी भोंगा वाजवलात ना, तर त्या खांबाची वायर मीच काढीन. आणि मग पावसात काय ते तुमचं तुम्ही बघा."

"पुन्हा असं होणार नाही, ताई," अझीम म्हणाला. फोन ठेवून तो समिधाला म्हणाला, "वड्याचं तेल वांग्यावर. चूक कोणाची, बोलणी कोणाला." मग विहीर सातचा आलेख उघडून, "टाकं उपसणं आणि विहीर सात, काही संबंध आहे का गं?"

"आंबर्डेकरांना माहीत असेल," समिधा म्हणाली.

*

तिने फोन करायच्या आधीच तिकडून आला. केंद्राच्या साध्या क्रमांकावर.

"अहो, मी इंदू आंबर्डेकर बोलतेय. तुमचा तो विचारणारा फोन येत नाही हल्ली. बंद झालाय का? नाही, बंद झाला असेल तर तसं सांगा, म्हणजे आमच्याकडे एक माणूस शर्ट घालून बसतोय, त्याला उठवते."

आंबर्डेकर महाडमध्येच राहत होते, चवदार तळ्यापासून पुढे दहा मिनिटांवर. शनिवारी संध्याकाळी समिधा गेली. चौऱ्याहत्तर वर्षांचा उंच, किडकिडीत माणूस दारात आला. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली.

"बनियनवर उत्तर देत नाहीत ते," आतून काकूंचा आवाज आला. "यंत्राला कुठे दिसतंय, म्हटलं, तर म्हणतात मला दिसतं ना."

"बसा तुम्ही," आंबर्डेकर म्हणाले. "पावसाळ्यात दिवसाला दोन-तीन यायचे. एरवी आठवड्यातून एखादा. या आठवड्यात एकही नाही. मला वाटलं, माझ्या ओळी काढून टाकल्या."

"ओळी आहेत, सर. नाव गेलं. माझ्यामुळे." तिने सगळे सांगितले. दोन रिकाम्या जागांचेही सांगितले. "तुम्ही त्या मुद्दाम सोडायचात का?"

ते हसले. "छे. पुढची ओळ सुचेपर्यंत अंगठा तिथेच पडलेला असतो. तो दाबला जातो दोनदा. दुसरं काय."

मग तिने ४१२ बद्दल विचारले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले.

"जांभूळकोंडचं टाकं झऱ्यावर आहे. वैशाखात देवीच्या गोंधळाआधी ते उपसून घासतात. पाणी येत राहिलं तर घासणार कसं? म्हणून झऱ्याच्या तोंडात काथ्या आणि चिकणमातीचा बोळा बसवतात. मग पाणी मागे तुंबतं, डोंगरातच. विहीर सात तिथून चाळीस हातांवर आहे. दाब चढणारच. पाऊण तासात घासून होतं, बोळा निघतो, दाब उतरतो. बुधवारी पळतानाही कोणीतरी तो ओढून काढला असेल. पहिल्या वर्षी मी तिथेच होतो. घाबरून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. एका आजीनं मला तो बोळा दाखवला. मातीने माखलेला. म्हणाली, घ्या तुमची दरड."

"हे तुम्ही कुठे लिहून का नाही ठेवलंत?"

"सांगितलं होतं ना केंद्रानं. वह्या आणून दिल्या होत्या. लिहायला बसलो की काही आठवत नाही गं. कोणी विचारलं की आठवतं." 'तुम्ही'वरून ते 'तू'वर आले होते, ते त्यांच्या लक्षात आले नाही. "मला वाटतं, म्हणूनच त्यांनी ते यंत्र केलं."

काकूंनी पोहे आणले. समिधाची बशी स्टीलची, घासून घासून कडेला पातळ झालेली. पोहे संपत आले तसे तळाला ठिपक्याठिपक्यांनी घातलेले नाव दिसू लागले: चि. सौ. कां. इंदूस, गोदूमावशीकडून, १९८९.

"गोदूमावशी कोण, काकू?"

"माझी मावशी. जाऊन तिला तीस वर्षं झाली."

"आणि नाव अजून वाचता येतंय."

"येणारच. रोज मी घासते, पण नाव तिचं आहे. घासणारीचं नाव कोण घालतं भांड्यावर?" काकू म्हणाल्या. "लिंबू देऊ अजून?"

समिधाने लिंबू घेतले नाही. ती बशीकडे पाहत राहिली.

*

आवृत्त्यांच्या नोंदीत एक सोय असते. ओळीचा माग काढताना अमुक बदल जमेस धरू नये, असे एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवता येते. मग माग काढणारा त्या बदलाच्या पलीकडे पाहतो. सफाई सफाईच राहते. ओळ मात्र मूळ माणसाच्या नावावर परत जाते. पृच्छकाला ही फाइल वाचायला सांगणे हे अर्ध्या तासाचे काम होते.

सोमवारी समिधा हे घेऊन शेट्येमॅडमकडे गेली. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतले.

"शुक्रवारी समिती आहे, हे लक्षात आहे ना?"

"हो."

"मग थोडं थांब. आंबर्डेकर चौऱ्याहत्तरचे आहेत, समिधा. आणखी पाच वर्षांनी पृच्छक कोणाला विचारणार? कधीतरी या ओळी तरुण माणसाच्या नावावर याव्याच लागतील. त्या आल्या आहेत. अपघाताने आल्या, पण आल्या. तू एकेक कारण शिकून घे. रविवारी जांभूळकोंडचा फोन येईल, तेव्हा आता तुला उत्तर येतं."

हे चुकीचे नव्हते. कायम नोकरी लागली की आईला खोपोलीहून इकडे आणायचे, असे तिने ठरवले होते. तेही तिला या क्षणी आठवले.

"४१२चं येतं, मॅडम," ती म्हणाली. "४१३चं नाही."

"शिकशील."

"शिकेन. पण शिकेपर्यंत फोन माझ्याकडे येणार आणि मी माहीत नाही म्हणणार. आणि वाडी चालत जाणार. दोनदा जाईल. तिसऱ्यांदा जाणार नाही."

मॅडम पेनाचे टोपण काढत-लावत राहिल्या. "नुसती आंबर्डेकरांची नावं परत घाल मग. बाकीच्या बावीस हजार ओळी राहू देत की तुझ्याकडे. त्याने कोणाचं काही बिघडत नाही."

"त्याही मी लिहिलेल्या नाहीत."

"बरं," मॅडम म्हणाल्या. मग समिधा दारापर्यंत गेल्यावर, "तुझी मागणी काय आहे? काहीतरी असेल."

"आंबर्डेकर सरांना फोन येईल तेव्हा मलाही जोडून द्या. मी बोलणार नाही. फक्त ऐकेन."

"ऐकायला कोणी अडवलंय?"

बुधवारी समिधाने ती फाइल केली. तिच्यात एकच ओळ होती, आपल्याच बदलाचा क्रमांक. शेवटी रिकामी जागा राहिली नाही ना, ते तिने पाहिले आणि बदल चढवला. भिंतीवरचा आकडा तासाभरात खाली आला.

अझीम दुपारी डबा घेऊन तिच्या टेबलाशी आला. दोघे जेवायला बसले.

"वेडी आहेस तू," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी केलं नाही."

"तेच म्हणतोय. माझ्यासाठी केलं असतंस तर मला भांडता तरी आलं असतं." त्याने आपल्या डब्यातला बोंबील तिच्या पोळीवर ठेवला. "रविवारी मी जांभूळकोंडला जाऊन बसतो. सुरेखाताई वायर काढायला निघाल्या तर शिडी धरायला."

शुक्रवारी समितीने अझीमची निवड केली. समिधाचे कंत्राट एका वर्षाने वाढले.

*

रविवारी सकाळी अकरा वाजता पृच्छकाने आंबर्डेकरांना फोन केला. समिधाला जोडून घेतले. पलीकडून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खाकरणे.

"बोला."

"नमस्कार. जांभूळकोंड. विहीर सातचा दाब वाढला आहे."

"टाकं उपसतायत. ४१२. थांबा."

"प्रश्न ४१२ चा नाही. विहीर नऊचा दाबही वाढू लागला आहे. ओळ ४३७ सांगते की सात आणि नऊ दोन्ही वाढले तर न थांबता इशारा द्यावा. ती ओळही तुमची आहे. काय करावे?"

समिधाने ओठ घट्ट मिटले. ४३७ तिने वाचलेली नव्हती. विहीर नऊ उताराच्या वर होती, सातपासून बरीच लांब. या वेळी वाडीने बोळा जास्त घट्ट बसवला असावा, किंवा मग डोंगरच हलत असावा. फोनवर कितीतरी वेळ काही ऐकू आले नाही. तिला तो अंगठा आठवला, पुढची ओळ सुचेपर्यंत तसाच पडलेला.

"सात वाढल्यानंतर नऊ किती मिनिटांनी वाढू लागलं?" आंबर्डेकरांनी विचारले.

"अकरा."

"४३७ लिहिली तेव्हा मी दोन्ही एकदम वाढल्याचं पाहिलं होतं. वरच्या अंगाला, दोन हजार तेवीस की चोवीसचा पावसाळा. डोंगर हलतो तेव्हा तो सगळाच हलतो, सात आणि नऊ एका मिनिटात. इथे अकरा मिनिटं लागली, म्हणजे पाणी खालून वर झिरपत गेलंय. झऱ्याच्या तोंडापासून. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. तिथे आपलं कोणी आहे का?"

"अझीम आहे," समिधा म्हणाली. न बोलण्याचे ठरले होते, ते मोडले.

"त्याला सांग, बोळा आत्ता काढायला लाव. टाकं झालेलं असो नसो. पृच्छक, तुम्ही लक्ष ठेवा. आधी सात उतरेल. नऊ त्यानंतर अकरा मिनिटांनी उतरायला हवं, थोडं इकडे-तिकडे. सात पाच मिनिटांत उतरायला लागलं नाही, किंवा ते उतरूनही नऊ पंधरा मिनिटांत उतरलं नाही, तर भोंगा वाजवा. मला विचारत बसू नका."

"धन्यवाद," पृच्छक म्हणाला.

समिधाने अझीमला सांगितले. त्याच्या फोनमधून बायकांचा गलका, घमेल्यांचा आवाज आणि सुरेखाबाईंचे "आता काय आणि?" ऐकू आले. मग पाणी सुटल्याचा आवाज आला.

बोळा निघाला ११:१७ ला. विहीर सातचा दाब ११:१९ ला उतरू लागला, विहीर नऊचा ११:३० ला. भोंगा वाजला नाही. भिंतीवरच्या पडद्यावर त्या दिवशी समिधा पोतनीस या नावापुढे बारा ओळी होत्या.